लखनौहून धाकट्या पुळणीपर्यंत

लखनौतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर दर हिवाळ्यात कुणीतरी विचारतं, गाडीनं कोकणात जाता येईल का, बरोबर म्हातारं माणूस असेल तर जमेल का. जाता येतं. मी जाऊन आले, माझ्या एक्याऐंशी वर्षांच्या आजारी वडिलांना घेऊन. रस्ते, मुक्काम, खाणं सगळं खाली लिहिते आहे. पण आधीच सांगते, ही हौसेची सहल नव्हती. ज्यांना नारळाच्या झाडाखालचे फोटो बघायचे असतील त्यांनी दुसरा ब्लॉग बघावा, माझ्याकडे ते नाहीत.

बाबांची फुप्फुसं दोन वर्षांपासून आकसत चालली होती. जानकीपुरमच्या आमच्या घरात त्यांच्या पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र दिवसरात्र घरघरत असायचं. नोव्हेंबरमध्ये डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "मॅडम, गर्मियाँ देख पाएँगे, ऐसा मत मानिए." मी घरी येऊन बाबांना म्हटलं की तब्येत स्थिर आहे. ते हसले आणि म्हणाले, "पौष वद्य अष्टमी कधी आहे, बघ जरा. मला त्या दिवशी धाकट्या पुळणीवर पोचव."

धाकटी पुळण हे नाव मी लहानपणापासून ऐकत होते, पण अर्धवट. पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळू. बाबांचे वडील शाळामास्तर होते. त्यांची बदली राजापूरच्या बाजूला किनाऱ्यावरच्या एका गावात झाली, तिथं हे कुटुंब दीड वर्ष राहिलं आणि बाबांचा धाकटा भाऊ बाळू त्या पुळणीवर बुडाला. एवढंच मला ठाऊक होतं. बाबांची थोरली बहीण, आक्काआत्या, दर वर्षी त्याच्या तिथीला तिथं जाऊन समुद्राला दहीभात आणि नारळ देते, हे आईनं कधीतरी सांगितलं होतं. बाबा आणि आत्या पस्तीस वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. का, ते आईही सांगायची नाही.

"मग आत्याच्या घरीच जाऊ या की," मी म्हटलं.

"दारात गेलो तर ती दार लावून घेईल. पुळणीला दार नसतं," बाबा म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले, भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये बघितलं. कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडून दर वर्षी फुकट मिळतं ते. वद्य म्हणजे कृष्ण पक्ष हे मला माहीत होतं आणि ते माहीत असल्याचा थोडा तोराही होता. पौष कृष्ण अष्टमी, डिसेंबरातला शुक्रवार. माझ्या मुलीनं, सईनं, फोनवर पंचांग उघडून खात्री केली. "हाँ मम्मी, फ्राइडे ही है." मी हजरतगंजच्या आमच्या बँकेत बारा दिवसांची रजा टाकली.

विमानाचा विचार केला होता. पण यंत्राची परवानगी, डॉक्टरांचं पत्र, मध्ये विमान बदलणं, हे सगळं बाबांना झेपणारं नव्हतं. गाडीत मागची सीट आडवी करता आली, बॅटरीवर चालणारं लहान यंत्र भाड्यानं मिळालं, ते गाडीच्या चार्जिंगवर चालतं. शिवाय एक सिलिंडर डिकीत. मी आणि सई आलटूनपालटून गाडी चालवणार होतो. सई वीस वर्षांची आहे. मराठी तिला सगळं कळतं, बोलते हिंदीतच.

शनिवारी सकाळी सहाला निघायचं ठरवलं होतं, निघालो साडेनऊला. कोहरा इतका की फाटकातून समोरचं घर दिसेना. सरोजिनी नगर येईपर्यंत ताशी वीसच्या वर काटा गेला नाही. या दिवसांत निघणार असाल तर पहाटे निघण्याचा हट्ट धरू नका, कानपूरच्या रस्त्यावर ट्रक दिसतच नाहीत, आधी त्यांचा हॉर्न येतो. बरोबर पुरी आणि सुक्या बटाट्याची सब्जी होती, ती उरईच्या पुढे गाडीतच खाल्ली. झाशी ओलांडून शिवपुरीला पोचायला रात्र झाली. खोली घेताना तळमजल्यावरच घ्या आणि वीज गेली तर जनरेटर आहे का हे आधी विचारा. मी विचारलं होतं. त्यांनी हो सांगितलं होतं. पहाटे वीज गेली तेव्हा कळलं की जनरेटर आहे, डिझेल नाही. पाऊण तास सिलिंडरवर काढला. बाबा अंधारात म्हणाले, "तू घाबरू नकोस, मी शुक्रवारपर्यंत आहे."

दुसऱ्या दिवशी गुना, इंदूर करत धुळ्याला मुक्काम. इंदुरात पोहे खाल्ले, चांगले होते, एवढंच आठवतं. सेंधव्याचा घाट उतरून महाराष्ट्रात शिरल्यावर सई पाट्या मोठ्यानं वाचायला लागली. "वाहने सावकाश चालवा. मम्मी, सावकाश मतलब स्लो ना?" बाबा मागून म्हणाले, "सावकाश म्हणजे सवडीनं. घाई नसलेल्या माणसासारखं." त्या दिवशी ते जरा बरे होते.

तिसऱ्या दिवशी नाशिक, पुणे, सातारा. साताऱ्याला चांगली खोली मिळाली, रस्त्यापासून आत. रात्रीचं जेवण खोलीतच मागवलं. बाबांनी दोन घास भात खाल्ला, ताट बाजूला सारलं आणि नाकातली नळी नीट करून बोलायला लागले. श्वासासाठी मध्ये मध्ये थांबत होते, म्हणून सगळं सांगायला तास लागला. मी थोडक्यात लिहिते.

बाळू आठ वर्षांचा, बाबा बारा, आक्का सोळा. पुळणीवर शिंपले वेचायला दोघं भाऊ गेले होते. आक्का घरी होती, आईला वाळवणाला मदत करत. बाळूचा हात धरून ठेव, असं आईनं बाबांना बजावून सांगितलं होतं. समोरून एक मोठं गलबत गेलं, ते बघायला बाबा हात सोडून कातळावर चढले. वळून बघितलं तर बाळू नव्हता. घरी धावत आल्यावर वडिलांनी, अण्णांनी, विचारलं, त्याच्याबरोबर कोण होतं? बाबांच्या तोंडून निघालं, "आक्का येणार होती. आक्का येते म्हणाली आणि आलीच नाही."

"तुम्ही बारा वर्षांचे होतात, बाबा," मी म्हटलं.

"हो. मग तेरा वर्षांचा झालो, वीस वर्षांचा झालो. चाळीस वर्षांचा झालो. अण्णा मरेपर्यंत तिच्याशी धड शब्द बोलले नाहीत. शाळा बंद केली. पहिलं स्थळ आलं तिथं दिली. अण्णांच्या बाराव्याला ती मला म्हणाली, आता तरी सांग सगळ्यांना. सगळे जेवायला बसले होते. मी वाढत राहिलो."

सई भिंतीला टेकून बसली होती. मला बाबांचा राग आला, हे इथं लिहायला हवं. माणूस मरायला टेकलाय म्हणून राग येत नाही असं नसतं. मी ताटं उचलून बाहेर ठेवली आणि बराच वेळ व्हरांड्यात उभी राहिले.

मंगळवारी कोल्हापूर, मलकापूर आणि अणुस्कुरा घाट. घाट अरुंद आहे, वळणं झटक्यात येतात, पण ट्रकची गर्दी कमी. खाली उतरलात की हवा दमट होते, आणि फुप्फुसाच्या रोग्याला तो फरक लगेच जाणवतो. संध्याकाळी मुक्कामाच्या गावी पोचलो. गावाचं नाव मी लिहिणार नाही. त्या पुळणीवर उद्या गर्दी झाली तर आत्याला ते आवडायचं नाही. दत्ताकाका आणि काकू यांच्या घरी दोन खोल्या घेतल्या. खोलीचे दर वाजवी, घरचं जेवण, कमोडला आधाराचा दांडा. दत्ताकाकांनी गाडीचा नंबर बघून विचारलं, "यूपी? येवढ्या लांबनं गाडी घेऊन आलात? देवदर्शनाला?"

"हो," बाबा म्हणाले. इथं का आलोय हे गावात कुणाला कळू द्यायचं नाही, असं त्यांनी आम्हाला बजावलं होतं. आत्याच्या कानावर गेलं तर ती येणारच नाही, ही त्यांना धास्ती.

आता ज्यासाठी तुम्ही वाचताय ते. हा किनारा कातळाचा आहे. गाडीचा रस्ता वर सड्यावरून जातो, सपाट काळा जांभा, झाड नाही, सावली नाही, आणि समुद्र खाली खोल. नकाशावर पाणी दोन बोटांवर दिसतं, पण उतरायला वाट नसते. वाळू मध्येच कुठंतरी, दोन कातळांच्या कुशीत. धाकटी पुळण हे नाव कुठल्याच नकाशात नाही. बाबांना आठवत होतं एवढंच: दोन्ही बाजूंना कातळ, एका बाजूच्या कातळाला पाठ टेकून बसावं असा खोबणीचा दगड, आणि सड्यावरून खाली येणाऱ्या कातळात खोदलेल्या पायऱ्या. सत्तर वर्षांपूर्वी ते घरून पायी जायचे, रस्ता तेव्हा नव्हताच.

बुधवारी तीन जागा बघितल्या. पहिली लांबलचक, सुरूची झाडं, गाडी थेट वाळूपर्यंत जाते, चहाच्या टपऱ्या आहेत. म्हाताऱ्या माणसांना न्यायचं असेल तर इथंच न्या. बाबांनी काच खाली करून बघितलं आणि मान हलवली. दुसरी वरून फार सुंदर दिसते. दीडशेच्या वर पायऱ्या उतरून सई खाली गेली आणि तिथून व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी गाडीत बसून फोनवर तिथले दगड बघितले. "ही नव्हे. दमलीस ना?" सई म्हणाली, "नहीं आजोबा, आप बोलो तो दो और देख लूँ." तिसऱ्या ठिकाणी वाळू राहिलेलीच नाही. लाटांनी किनारा खाल्ला म्हणून गाड्या भरून काळे दगड ओतून बांध घातलाय, त्याच्या अलीकडे घरं, पलीकडे पाणी. तिथं एक बाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी सांगितलं, "पुळण होती की. मी लग्न होऊन आले तेव्हा मुलं इथं विटीदांडू खेळायची." बाबांचा चेहरा उतरला. आपलीही अशीच गेली असेल, असं ते परतताना दोनदा म्हणाले.

गुरुवारी दिवसभर फिरलो. बाबांना दुपारनंतर ताप आला, ते मागच्या सीटवर झोपून होते. पाचच्या सुमाराला एका मोठ्या पुळणीपाशी पोचलो. पाणी पार सुरूच्या मुळांपर्यंत आलेलं. दक्षिणेला वाळू संपून कातळाचं नाक समुद्रात घुसलेलं आणि त्यावर लाटा फुटत होत्या. मी उतरून बघितलं. पुढं नुसता दगड. बाबांना न उठवता गाडी वळवली.

घरी पोचलो तर काकूंनी ओसरीवर चौरंग मांडला होता. कलश, त्याला देवीचा मुखवटा, वेणी, पाच फळं, समोर उदबत्ती. बायका हळदीकुंकवाला येऊन जात होत्या. मला लावलं, सईला लावलं. "मार्गशीर्षातला गुरुवार ना," काकू म्हणाल्या, "तुमच्याकडे लखनौला नाही करत?" आई करायची, मी म्हटलं. मला छान वाटलं. मी चौरंगाचा फोटो काढला. तो अजून फोनमध्ये आहे. बाबा आत खोलीत यंत्र लावून पडले होते, त्यांनी ते बघितलं नाही. बघितलं असतं तर तिथल्या तिथं सगळं उलगडलं असतं.

जेवताना दत्ताकाकांना विचारलं की जवळपास दोन कातळांमध्ये लहानशी पुळण आहे का. ते म्हणाले, "म्हणजे धाकटी? थोरलीवरून पुढे जायचं की. आज तिथंच गेला होतात म्हणता ना तुम्ही?"

"पुढे कातळ आहे."

"कितीला गेला होतात?"

"पाचला."

ते हसायलाच लागले. "अहो, आज सप्तमी. तिथीची पाऊणपट करायची. सात पाऊणे सव्वापाच. सव्वापाचाला पूर्ण भरती. तेव्हा तिथं मासेच जातात. उद्या अष्टमी, आठ पाऊणे सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला पाणी पार मागं. नाकाला वळसा घालून चालत जाल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि तोही दोन दिवस. हे सूत्र लिहून ठेवा, या किनाऱ्यावर सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच. तिथीला पाऊणनं गुणा, ती साधारण भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. इथल्या कितीतरी पुळणी फक्त ओहोटीला असतात. आणि बघा, काकांच्या तोंडून सप्तमी, अष्टमी ऐकून माझी आणखी खात्री पटली. तिथी बरोबर होती. महिना विचारायचं मला सुचलं नाही.

शुक्रवारी साडेअकराला आम्ही थोरल्या पुळणीवर होतो. दत्ताकाका मदतीला आले. व्हीलचेअर कोरड्या वाळूत रुतते, तिथं तिघांनी उचलली, पण पाण्यानं नुकत्याच सोडलेल्या ओल्या वाळूवर चाकं सरळ चालतात. काल जिथं लाटा फुटत होत्या त्या नाकाला आम्ही खुर्ची ढकलत वळसा घातला आणि पलीकडे धाकटी पुळण होती. फार तर शंभर पावलं लांब. पांढरट वाळू, एकाही पावलाची खूण नाही. खोबणीचा दगड होता. मागे कड्यात खोदलेल्या पायऱ्या होत्या, उंच, झिजलेल्या.

बाबांनी बूट काढायला लावले. पाय वाळूत ठेवून ते पायऱ्यांकडे तोंड करून बसले. समुद्राकडे त्यांची पाठ होती. स्वेटरखाली इस्त्रीचा पांढरा सदरा होता, तो त्यांनी सकाळी मागून घेतला होता. सईनं छत्री धरली.

बारा वाजले. साडेबारा. एक. वर सड्यावर एखादं वाहन आल्यासारखं वाटलं की बाबा हातानं आम्हाला गप्प करायचे. मध्ये त्यांनी मला विचारलं, "मी आधी काय म्हणू? आक्का म्हणू, की आधी नमस्कार करू?"

"आक्का म्हणा."

"वाकता यायचं नाही मला."

"मी तुमच्या वतीनं वाकेन."

दोन वाजता पाणी चढायला लागल्याचं दत्ताकाकांनी सांगितलं. अडीचला त्यांनी मला बाजूला घेतलं. "ताई, आता निघायला हवं, नाकाशी पाणी येईल. कुणाची वाट बघताय का तुम्ही?"

मग मी सांगितलं. दर वर्षी एक वयस्कर बाई इथं येतात, आजच्या तिथीला, पौष वद्य अष्टमीला.

"येतात ना. काठी टेकत उतरतात. वर रिक्षा उभी असते. पल्याडच्या गावातून येतात, कुठल्या ते नाय ठाऊक." त्यांनी बोटांवर मोजलं. "पण पौषात. आज मार्गशीर्ष वद्य अष्टमी. पौष वद्य अजून महिन्यानं. काल घरी गुरुवार बघितलात ना तुम्ही?"

मला काही कळेना. मी फोन काढून पंचांग दाखवलं, पौष कृष्ण अष्टमी, आजचीच. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "हे उत्तरेतलं असेल. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. वद्य पंधरवड्याला ते महिनाभर पुढे असतात."

बाबांनी ऐकलं होतं. कान त्यांचे शेवटपर्यंत चांगले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं. "कुठल्या कॅलेंडरात बघितलंस?"

"स्वयंपाकघरातल्या. मिठाईवाल्याच्या."

आई होती तोपर्यंत नागपूरहून मावशी दर दिवाळीला मराठी कॅलेंडर पाठवायची. आई गेल्यावर ते थांबलं आणि आम्ही पुन्हा मागवलं नाही. बाबा पंचावन्न वर्षं लखनौत राहिले. दोन प्रकारच्या महिन्यांचा हा घोळ त्यांना पक्का ठाऊक होता, मलाही कधीतरी सांगितला असेल. ते माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मी तरी कुठं विचारलं," ते म्हणाले. "आहे ना ती. येते म्हणतायत."

पाणी आलं. नाकाला वळसा घालताना चाकं भिजली, माझी सलवार गुडघ्यापर्यंत भिजली. सई रडत होती आणि ढकलत होती. बाबा पायऱ्या दिसेनाशा होईपर्यंत मान वळवून बघत राहिले.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "आत्याच्या गावाचं नाव सांगा. आत्ता जाऊ." त्यांनी तोंड फिरवलं. मी परत विचारलं. मी ओरडले त्यांच्यावर, भर रस्त्यात, की हा कसला हट्ट, तुमच्याकडे महिना कुठे आहे. सई म्हणाली, "मम्मी, बस करो." बाबा एवढंच म्हणाले, "तिच्या दारात नाही. तिथं तिची सुना-नातवंडं असतील. त्यांच्यासमोर मी तिला परत गप्प उभं करायचं का?" हे मला तेव्हा पटलं नाही. आज अर्धं पटतं.

रात्री त्यांचा ऑक्सिजन घसरला. रत्नागिरीच्या दवाखान्यात एक दिवस काढला. तिथले डॉक्टर भले होते, सरळ म्हणाले, इथं ठेवा नाहीतर वेळ न घालवता घरी न्या. बाबांनी घर निवडलं. निघताना मी दत्ताकाकांना माझा नंबर लिहून दिला आणि पुढच्या महिन्यात त्या बाई आल्या की मला फोन लावून द्या म्हणून हात जोडले. काकूंनी डब्यात खोबऱ्याच्या वड्या दिल्या. परतीचे चार दिवस मला सलग आठवत नाहीत. साताऱ्याला एका दुकानात नव्या वर्षाचं मराठी कॅलेंडर घेतलं. बाबांनी मागच्या सीटवर पडल्या पडल्या जानेवारीचं पान काढलं आणि पेनानं एका चौकोनाला गोल केला. "आता चुकायचं नाही," ते म्हणाले.

ते कॅलेंडर आता आमच्या स्वयंपाकघरात मिठाईवाल्याच्या कॅलेंडरशेजारी लटकतं. बाबा घरी पोचल्यावर दोन आठवडे होते. गोमतीच्या काठी कोहऱ्यात त्यांना निरोप दिला. बैल गेला आणि झोपा केला, तसं मी त्यानंतर दोन्ही कॅलेंडरांतले बारा महिने शेजारी शेजारी ठेवून तपासले.

खर्च विचाराल तर डिझेल, टोल आणि खोल्या धरून विमानापेक्षा स्वस्त पडलं असं म्हणता येणार नाही. गाडीनं जा, पण कमीत कमी दोन दिवस मोकळे ठेवा, ओहोटी बघून निघा, यंत्राच्या दोन बॅटऱ्या ठेवा. आणि घरात तिथीनं काही करायचं असेल तर ती कुठल्या पंचांगात बघताय ते आधी बघा. माझ्याजवळ त्या प्रवासातलं काय उरलं म्हणाल, तर बाबांच्या बुटांत वाळू निघाली होती, ती मी टाकली नाही. सईनं दत्ताकाकांचं ते पाऊणपटीचं सूत्र पाठ केलंय. समुद्र नसलेल्या गावात ती मला सांगते, मम्मी, अभी भरती होगी.

गोल केलेल्या दिवशी मी घरीच थांबले. सव्वाबाराला दत्ताकाकांचा फोन आला. "देतो हं," ते म्हणाले, आणि मग लाटांचा आवाज, आणि एका म्हातारीचा दम लागलेला श्वास.

"कोण?"

"आत्या, मी तुमच्या भावाची मुलगी. लखनौहून."

मी घाईघाईनं सांगून टाकलं, बाबा गेले, मागच्या महिन्यात ते तिथं आले होते, वाट बघत बसले होते, कॅलेंडर मी चुकीचं बघितलं, चूक माझी. आणि बाळूचा हात बाबांच्या हातात होता, त्यांनी सोडला. तुमचा काही संबंध नव्हता, हे त्यांना तुम्हाला सांगायचं होतं.

"येवढं सांगायला इतक्या लांबनं आला होता?"

"हो."

"ते मला ठाऊकच होतं गो. मी घरात पापड लाटत होते, मला नाही ठाऊक व्हायचं?" मग ती माझ्याशी नाही, दुसऱ्याच कुणाशी तरी बोलल्यासारखी म्हणाली, "मेल्या, महिनाभर थांबला असतास तर." फोनमध्ये लाटा आपटत होत्या. मी ठेवणार एवढ्यात तिनं विचारलं, "गेला कुठल्या तिथीला?"

मी दोन्ही कॅलेंडरांकडे बघितलं. शुद्ध पक्षात महिना दोन्हीकडे एकच असतो. "पौष शुद्ध द्वादशी."

"द्वादशी," ती म्हणाली. "बारा पाऊणे नऊ. म्हणजे पाणी मागं जाणार तीनला. ऊन असेल पायऱ्यांवर. बघू, त्या तिथीलाही उतरेन मी."